खांद्यावरचा व्हरांडा

१

थोरलीचा दिवस झाडूने सुरू व्हायचा. चहा नंतर. आधी मागचा व्हरांडा, मग पायऱ्या, मग व्हरांड्याखालची जागा. घर उतारावर होतं, त्यामुळे पुढून बैठं दिसायचं, पण मागे गेलं की लाकडी व्हरांडा चार खांबांवर उंच उभा. खाली माणूस मान वाकवून उभा राहील एवढी जागा. तिथे जुन्या फळ्या, रंगाचे डबे, पाय मोडलेली खुर्ची, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेला आणि कधीच न लागलेला सगळा पसारा. नवरा सुतार असला की घरात दुसरं काय असणार!

नवरा आता नव्हता, पसारा होता. तिने त्यातली एक फळीसुद्धा हलवली नव्हती. भोवतीने झाडायची आणि वर यायची.

त्या सकाळी ती कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी अडकलेला पाचोळा ओढायला गेली आणि झाडू आरपार गेला. म्हणजे या बाजूने आत शिरला आणि त्या बाजूने बाहेर आला. मध्ये खांब असायला हवा होता.

ती उकिडवी बसली. खांबाचं बूड कुजून गळून गेलं होतं. खालचा दगड आणि खांब यांच्यामध्ये चांगली वीतभर मोकळी हवा. खांब वरच्या तुळईला नुसता लटकत होता.

"कुजला मेला," ती म्हणाली. एक खांब गेला तर उरलेले तीन भार घेतात, हे तिला सुताराच्या संसारात राहून कळलेलं होतं. तिने पुढच्या खांबाखाली झाडू घातला. तोही आरपार गेला. तिसऱ्याखालून गेला, चौथ्याखालूनही गेला.

झाडू तिथेच टाकून ती बाहेर उन्हात आली. वर पाहिलं. व्हरांडा जागच्या जागी, सरळ, एका बाजूलाही न कललेला.

२

घाबरून बसायचा तिचा स्वभाव नव्हता. तिने डोकं चालवायला घेतलं. व्हरांड्याची एक कड घराच्या भिंतीत बोल्टने बसवलेली आहे. भार तिकडे गेला असेल. पण मग बाहेरची कड खाली झुकायला हवी. लाकूड जुनं आहे, ताठलं असेल. पण ताठलेलं लाकूड काही हवेत उभं राहत नाही. प्रत्येक 'असेल'च्या मागे एक 'पण' येऊन बसला. शेवटी तिने सरळ वर जाऊन बघायचं ठरवलं.

ती व्हरांड्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिने पाय आपटला. काही झालं नाही. एरवी स्वयंपाकघराच्या दारासमोरची फळी पाय पडला की कुरकुरायची, तीही आज मुकाट. तिने एक उडी मारली. या वयात उडी मारताना कुणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं, पण मारली.

खालून आवाज आला. मोठा नाही. जड वस्तू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेताना माणूस नाकातून श्वास सोडतो, तेवढाच. हा श्वास तिने आयुष्यभर ऐकला होता. कपाट उचलून जिना चढताना, गव्हाची गोणी आत आणताना, आजारपणात तिला उचलून गादीवर ठेवताना. तो तिच्या नवऱ्याचा श्वास होता.

ती खाली बघायला गेली नाही. तिथेच फळ्यांवर बसली आणि तळहात लाकडावर ठेवला. लाकूड कोमट होतं. ऊन अजून त्या बाजूला आलं नव्हतं.

३

तो गेला तो अशाच एका व्हरांड्याखाली, दुसऱ्या कुणाच्या घरी.

दोघे भाऊ मिळून हीच कामं करायचे. कुजलेले खांब बदलायचे, सैल झालेले पक्के करायचे. तुळईखाली जॅक लावायचा, वरचा भार केसभर उचलायचा, जुना खांब काढून नवा बसवायचा आणि मग जॅक हळूहळू उतरवायचा. दोघांचा एक नियम होता. जॅकवर ज्याचा हात असेल त्याने ओरडायचं, "सोडतो!" आणि खालच्याने "सोड!" म्हटल्याशिवाय जॅकला बोट लावायचं नाही. थोरला हा नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळायचा. शिंक आली तर आधी शिंकून घ्यायचा, मग 'सोड' म्हणायचा.

त्या दिवशी थोरला खाली होता, जॅकवर धाकटा. नवा खांब अजून ठोकून झाला नव्हता आणि सगळं खाली आलं.

धाकटा भाऊ, म्हणजे थोरलीचा दीर, सगळ्यांसमोर रडला. "मी आवाज दिला होता. दादा म्हणाला, सोड. मी सोडला." लोकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आणि तिच्यासमोर, तिच्याच घरात बसून म्हणाले, स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं बिचाऱ्याने.

तिला एक गोष्ट माहीत होती जी त्यांना नव्हती. थोरल्याला काम करताना खिळे ओठात धरायची सवय. तोंडात खिळे असले की तो सुखी, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, असं ती त्याला चिडवायची. दवाखान्यात नर्सने तिच्या हातावर खिळे ठेवले. "दातांत घट्ट धरलेले होते," ती म्हणाली. दातांत खिळे धरलेला माणूस 'सोड' म्हणत नाही.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार, बाई दुःखाने वेडी झाली म्हणाले असते. तिने ते पोटात ठेवलं आणि तिथे ते वाढत गेलं. दीर घरी यायचा, वहिनी वहिनी करायचा, फ्यूज बदलून द्यायचा. ती त्याला चहा द्यायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. तिला त्याच्याकडून फक्त एक वाक्य हवं होतं. निदान सुरुवातीला तेवढंच हवं होतं.

त्या सकाळी तिने लाकडावरचा हात उचलला आणि दिराला फोन लावला. "भाऊजी, मागचे खांब गेलेत. तुम्हीच या. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचे नाहीत मला."

४

दीर जॅक आणि टेकू घेऊन आला. स्वभावाने तसा गोड माणूस. आल्या आल्या म्हणाला, "वहिनी, तुम्ही चहा टाका, तोवर मी खाली नजर मारतो."

"आधी नजर मारा. चहा कुठे पळून जात नाही."

तो पायऱ्या उतरून खाली गेला. त्याचा आवाज फळ्यांमधून वर आला. "अरे बापरे! वहिनी, हे तर चारही टांगलेत. तुम्ही यावर उभ्या कशा?"

"ते तुम्ही सांगा. धंदा तुमचा."

"दादाचे बोल्ट दणकट, दुसरं काय," तो म्हणाला आणि हसला. हसू जरा लवकर संपलं.

ती चहाचा कप घेऊन वर खुर्चीत बसली. खाली जॅक दगडावर ठेवल्याचा आवाज झाला. मग दांडा फिरू लागला, कट कट कट. तिने कप कठड्यावर ठेवला आणि कप सरकला. तिने पुन्हा ठेवला. पुन्हा घराच्या दिशेने सरकला. तिला आधी कळेना, मग खुर्चीच्या पाठीने कळलं. व्हरांड्याची बाहेरची कड वर चढत होती. भलतीच सावकाश, झोपलेल्या मुलाला उचलावं तशी.

"भाऊजी, बस. फार उचललंत."

कट कट थांबलं. पायऱ्यांवर त्याची पावलं वाजली आणि तो वर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"मी उचललंच नाही," तो म्हणाला. "जॅक लागतच नाहीये. मी वर चढवतो तशी तुळई वर जाते. मध्ये बोटभर जागा ठेवून. जणू तिला..." तो थांबला. "छे! दगड खचत असेल. मला वाटतं तुळई चढतेय, पण जॅकच खाली जात असणार."

"मग माझा कप का सरकला?"

त्याने कपाकडे पाहिलं. कप घराच्या भिंतीला टेकून उभा होता.

५

"भाऊजी," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही आवाज दिला होतात?"

"हे आता कुठून काढलंत?"

"दिला होतात का?"

"किती वेळा सांगू, वहिनी? दिला. दादा म्हणाला, सोड."

"त्यांच्या तोंडात खिळे होते."

दिराचा चेहरा हलला नाही. डोळे मात्र एकदा दाराकडे जाऊन आले. "खिळे नंतर... म्हणजे, बोलून झाल्यावर घेतले असतील तोंडात."

"डोक्यावर व्हरांडा येत असताना?"

"तुम्ही दमला आहात," तो हळुवारपणे म्हणाला. तो हळुवारपणा बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने शिवी दिली असती तर परवडलं असतं. तो दाराकडे वळला. "मी उद्या दोन माणसं घेऊन येतो. आज नको."

"आणि तुमची हत्यारं? जॅक खालीच आहे."

"उद्या नेतो."

"न्या की आत्ता. का, भीती वाटते? सांगू का सगळ्यांना, आमचे भाऊजी दिवसाढवळ्या जॅक टाकून पळाले म्हणून?"

तो ओशाळं हसला. धाकट्या भावांना चिडवून काहीही करून घेता येतं, हे तिला थोरल्याने शिकवलं होतं. दीर मान हलवत पायऱ्या उतरला.

ती फळ्यांच्या फटीवर वाकून उभी राहिली. त्याचं टक्कल तिच्या पायाखालून पुढे गेलं, तुळईखाली थांबलं, जॅकवर वाकलं. आणि अगदी जवळून, फळीच्या खालच्या अंगाला ओठ लावून बोलावं तसा, आवाज आला.

"सोडू का गं?"

शेजारचा रेडिओ असेल, तिने स्वतःला सांगितलं. पण शेजारच्या रेडिओला तिला 'गं' म्हणायचं काही कारण नव्हतं. आवाज दमलेला होता, फार दमलेला. थांब म्हटलं असतं तर तो थांबला असता, हे तिला ठाऊक होतं. तो विचारल्याशिवाय कधीच काही सोडायचा नाही.

तिला स्वतःच्याच घरात ऐकलेलं ते वाक्य आठवलं. ओढवून घेतलं बिचाऱ्याने. तिने तोंड फटीजवळ नेलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "सोड."

६

व्हरांडा धाडकन खाली आला आणि तेवढ्यातच अडला. कप फुटला. खालून दिराची किंकाळी आली आणि मध्येच तुटली.

ती कठड्याला धरून उभी होती म्हणून पडली नाही. तिथूनच तिला दिसलं. व्हरांड्याखालून एक माणूस बाहेर उतारावर आला. पाठमोरा. ओळखीचा शर्ट, खांद्यावर पार झिरझिरीत झालेला. एक खांदा दुसऱ्यापेक्षा बराच खाली. त्याने तो खांदा एकदा झटकला, गोणी ठेवल्यावर हमाल झटकतात तसा, आणि झुडपांच्या दिशेने चालू लागला. तिला वाटलं, वळून बघेल. तिने हाकही मारली असती, पण काय म्हणून मारायची ते सुचेना. झुडपांपाशी उन्हात तो दिसेनासा झाला. वळला नाही. याचं तिला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटायला वेळ नव्हता म्हणून रागही आला.

"वहिनी! टेकू! टेकू लावा!"

तिने फटीतून पाहिलं. दीर तुळईखाली उभा होता. उजवा खांदा तुळईला, दोन्ही हात वर, पाय फाकलेले. जरा हलला की वरचं लाकूड त्याच्याबरोबर खाली यायचं.

"टेकूची गरज नाही तुम्हाला. जॅक लागतच नाही म्हणालात ना."

"वहिनी, पाया पडतो!"

तिने खुर्ची उचलली, बरोबर त्याच्या डोक्यावर आणून ठेवली आणि बसली. "आधी सांगा."

शेवटी तो म्हणाला, "नाही दिला."

"काय नाही दिला?"

"आवाज. नाही दिला. कंटाळा आला होता, वहिनी. दरवेळी ओरडायचं, दरवेळी त्याच्या उत्तराची वाट बघत उभं राहायचं. मला वाटलं झालं असेल त्याचं. बाकीचं मी रचलं."

म्हणजे वैर नव्हतं, लोभ नव्हता, भांडणसुद्धा नव्हतं. कंटाळा. हे वाक्य ऐकलं की पोटात थंड पडेल असं तिला इतके महिने वाटत आलं होतं. कसलं थंड! आतली आग पंख्याने वारा घातल्यागत उठली.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. ऊन व्हरांड्यावर आलं, कठड्यापलीकडे गेलं. त्याचा आवाज बसला तरी ती पुन्हा म्हणतच राहिली, आणि त्याला सोडवायचा विचार तिच्या मनात एकदाही आला नाही.

७

दुपार कलता कलता धाकटी आली. धाकटी म्हणजे दिराची बायको, तिची जाऊ. ही एकच बाई होती जी थोरला गेल्यावर तिच्या शेजारी न बोलता झोपायला आली होती, कितीतरी रात्री.

"ताई, यांचा फोन लागत नाही. जेवायलाही आले नाहीत. इथेच आहेत ना अजून?" असं म्हणत ती सरळ व्हरांड्यात आली आणि तिने पाय आपटून पाहिला. "वा! काम झालंही? जरासुद्धा हलत नाही की."

खालून कण्हल्याचा आवाज आला.

"लाकूड आहे," थोरली म्हणाली. "बोलतं."

तेवढ्यात खालून दिराची हाक आली. बसक्या पण गोड आवाजात, जशी तो रोज घरात मारत असेल. "अगं, आलीस का? जरा खाली ये. एक मिनिट हात लाव."

थोरलीच्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर उशीर झाला. सुडाच्या भरात तिने या बाईचा विचारच केला नव्हता.

"जाऊ नकोस!"

"का हो?" धाकटी हसत निम्म्या पायऱ्या उतरलीसुद्धा होती. "आयुष्यभर हात लावतेच आहे की यांच्या कामाला."

"भाऊजी, थांबा! भाऊजी!"

'सोडतो' कुणी म्हटलं नाही. व्हरांड्याला हिसका बसला आणि खालून धाकटीचा "आई गं!" ऐकू आला. मग दीर पायऱ्या चढून वर आला. त्याचा उजवा खांदा खाली गेला होता. त्याने थोरलीकडे पाहिलं नाही.

"परत जा," ती म्हणाली. "घ्या तिच्या खांद्यावरून."

"टेकू आणतो," तो पुटपुटला. "गाडीत आहेत, मोठे." आणि घरातून पुढच्या दाराकडे गेला. गाडी सुरू झाली. मोठे टेकू गाडीत नव्हते. सकाळी तो सगळे खाली उतरवत असताना तिने पाहिलं होतं. गाडीचा आवाज उताराने दूर गेला.

८

धाकटी मुळात बुटकी. तुळई तिच्या मानेवर आली होती आणि ती पायाच्या बोटांवर उभी राहून दोन्ही हातांनी ती पेलायला बघत होती. रडतही नव्हती, इतकी चकित झाली होती.

"ताई, हे काय आहे? ते कुठे गेले?"

थोरली तिच्या शेजारी वाकून उभी राहिली. तुळईच्या खालच्या अंगाला एक जागा होती, खांद्याएवढी, झिजून गुळगुळीत झालेली. तिने तिथे आपला खांदा लावला.

"सोड."

"तुम्हाला झेपणार नाही."

"सोड म्हटलं ना."

धाकटीने सोडलं. भार आला. थोरलीने डोळे मिटून घेतले होते, पण मोडून पडण्यासारखं काही झालं नाही. वजन होतं खरं, पण अनोळखी नव्हतं. गेलं वर्षभर ती एवढंच घेऊन झाडत होती, जेवत होती, चहा करत होती.

"मी माणसं बोलावते," धाकटी म्हणाली. आता कुठे ती रडायला लागली होती.

"माणसं नकोत. घरी जा. भाऊजींना म्हणावं, वहिनी आत्ताच्या आत्ता बोलावतायत. म्हणावं, तक्रार नाही काही."

धाकटी डोळे पुसत गेली. ती बाहेर पडल्यावर खाली शांत झालं. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या, त्या पसाऱ्यावरून हळूहळू सरकत गेल्या. सकाळी तिला वाटलं होतं, नवरा आपल्यासाठी घर धरून उभा आहे. मायेने. तिला त्या विचाराने भरूनही आलं होतं. आता त्याच जागी खांदा लावल्यावर तिला कळलं की मायेने माणूस इतका वेळ उभा राहूच शकत नाही. तो धाकट्याची वाट बघत होता. आणि दमला तेव्हा त्याने ते काम तिच्या हवाली केलं आणि मागे वळून पाहिलं नाही, कारण वळून बघायला लाज वाटली असणार.

तिला लाज वाटत नव्हती. तिचे पाय घट्ट होते.

ऊन उतरायला लागलं तशी पुढच्या बाजूला गाडी थांबली. दार वाजलं. पावलं घरातून आली, तिच्या डोक्यावरून गेली आणि पायऱ्यांच्या तोंडाशी थांबली. खांदा जरा पडलेल्या माणसाची चाल होती ती, एक पाऊल जड, एक हलकं.

"वहिनी?"

ती गप्प राहिली.

"वहिनी, आहात ना? येऊ ना खाली?"

तिने श्वाससुद्धा रोखला. वर थोडा वेळ काहीच हललं नाही. मग दीर वैतागून काहीतरी पुटपुटला. उत्तराची वाट बघायचा त्याला कायमचाच कंटाळा. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.